दिवलीचं म्हणणं

माझा भाऊ गेला तेव्हा दोन दिवस मी त्याच्या उशाशी बसून होते. मधेच डोळे उघडून तो विचारायचा, "तुले काही बोलनं शे का?" — आणि मी मान हलवायचे. नाही रे, काही नाही. त्याला वाटत असावं, माहेरी काढलेल्या दिवसांबद्दल माझ्या मनात काही सल असेल. सल होता, पण त्याच्या घराबद्दल नव्हता. त्यालाही मी सांगितलं नाही. शाळेतल्या कुणाला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — तिथेसुद्धा मी तेवढं वगळूनच बोलायचे. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी जीभ उचलेल, असं वाटतंय. उचलेल का? बघते.

सरळ सांगायचं तर दोन वाक्यांचं काम आहे. ती दोन वाक्यं मी एका दुपारी बोलले, बोलायला श्वासभर वेळ लागला असेल. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मला आजही लांबून यावं लागतं.

आधी माझ्या भाषेबद्दल सांगते. माझं गाव कोरीट. आमच्या घरी अहिराणी. पण वडील जंगलखात्यात नाकेदार होते, आणि मी चार वर्षांची असल्यापासून आम्ही नवापूरच्या बाजूला जंगलातल्या नाक्यावर राहायचो. आसपास सगळे मावची आदिवासींचे पाडे. माझ्या वयाची दुसरी पोरंच नव्हती तिथे, मावची पोरं तेवढी. मग मी त्यांच्यात खेळले, त्यांच्याबरोबर खेकडे धरले, त्यांच्या आयांच्या हातची भाकर खाल्ली. ती भाषा मला कुणी शिकवली नाही, ती अंगाला लागली. आई चिडायची — ही पोर झोपेत काय बोलते तेच कळत नाही म्हणायची. पुढे माझं जे काही नाव झालं ते त्या भाषेमुळे. "मावची येणाऱ्या बाई." निरोपसमारंभात सुद्धा हेच बोलले लोक. बाईंनी मुलांचं मन जाणलं, मुलांचं म्हणणं जगापुढे मांडलं. मी मांडीवर हार घेऊन ऐकत होते.

वडील वारले तेव्हा मी पंधराची. मधल्या काळात नंदुरबारला मावशीकडे राहून सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली. मग लग्न. दोन वर्षांनी नवऱ्याने मला कोरीटला आणून सोडलं ते परत न्यायला आलाच नाही. त्याने दुसरी केली, एवढं कानावर आलं. भावाच्या घरात मी चुलीपाशी असायचे. वहिनी वाईट नव्हती, पण घर लहान होतं आणि तिला चार लेकरं. मी ताट वाढून घेताना भाजीकडे आधी तिची नजर जायची. हे मी का सांगतेय? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? नाही. तसं वाटलं तर हा भाग विसरून जा. मी कुठून आले होते तेवढं माहीत असावं, म्हणून सांगितलं.

तर त्या घरी एक दिवस अण्णा आले. त्यांचं पूर्ण नाव सांगत नाही. ते गेलेत, आणि त्यांना मानणारी माणसं अजून आहेत. खांडबारा स्टेशनपासून बैलगाडीने दोन तास आत त्यांनी आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा काढली होती. भिंती कुडाच्या, वर कौलं, चाळीसेक मुलं आणि त्यात तेरा-चौदा मुली. त्यांना मुलींसाठी बाई हवी होती, आणि कुणीतरी सांगितलं होतं की कोरीटच्या नाकेदाराच्या पोरीला मावची येते. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू जाय. आठे तुन्हं काय शे?" रागाने नव्हता म्हणाला. खरंच काय होतं माझं तिथे? दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा दोन-तीन वर्षं होती. आमच्या मुलखाचा कारभार धुळ्याहून चालायचा.

अण्णा राक्षस होते असं म्हणता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. नव्हते ते तसे. घरदार सोडून आलेले, अंगावर खादी, जेवण मुलांबरोबर त्याच पंगतीत. एका मुलाला साप चावला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन ते स्टेशनपर्यंत पळत गेले होते, गाडी जुंपायचीही वाट पाहिली नाही. तो मुलगा वाचला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मारायचे — तेही डोळ्यांनीच पाहिलं. मारायला लागले की त्यांच्या चेहऱ्यावरचा माणूसच कुठेतरी निघून जायचा. मग तासाभराने त्याच पोराला जवळ बसवून टकळी शिकवायचे. आम्ही मोठी माणसं त्याला "शिस्त" म्हणायचो. त्या काळी सगळीकडेच मारायचे हो, कुठल्या शाळेत छडी नव्हती? असं मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल. पण छडी वेगळी आणि ते वेगळं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता दिवली.

दिवाळीत जन्मली म्हणून दिवली. अकरा वर्षांची असेल, मुलींमध्ये सगळ्यात मोठी. हसायची कमी, कामाला चपळ. धाकट्या मुलींच्या केसांतल्या उवा काढण्यापासून त्यांना ओढ्यावर नेण्यापर्यंत सगळं तीच बघायची. भिंतीवर टांगलेल्या चित्रांच्या तक्त्यावरून मी मुलींना मराठी शिकवायचे — हे झाड, ही फांदी, हा पक्षी, पक्षी उडाला, फळ पडलं. दिवलीला एकदा सांगितलं की पुरे. सहा महिन्यांत तिला पाटीवर स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं. मराठी बोलायला मात्र लाजायची. माझ्याशी मावचीतच बोलायची, कारण मी तशी बोलू द्यायचे. अण्णांना ते आवडायचं नाही.

होळी आली. त्या लोकांत होळीपेक्षा मोठा सण नाही, त्या दिवसांत पोर घराबाहेर राहणं म्हणजे घरात कुणी मेल्यासारखं. पण मागच्या वर्षी होळीला गेलेली निम्मी मुलं परतलीच नव्हती. हजेरी अशीच घसरत राहिली तर शाळा बंद होईल, ही अण्णांना धास्ती. त्यांनी सुट्टी दिली नाही. होळीच्या आदल्या पहाटे दिवली चार लहान मुलींना घेऊन निघून गेली. आणि पाचव्या दिवशी दुपारी ती चौघींना घेऊन परत आली. चौघीही. एकीला तर शेवटी कडेवर घेऊन चालली होती.

ती परत आली होती, हे लक्षात घ्या. मागच्या वर्षी निम्मे आलेच नाहीत, ही आली.

आमची शाळेची घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा टांगलेला तुकडा, आणि तो बडवायला एक लोखंडी दांडा. अण्णांनी दिवलीला भांडारघरात बोलावलं. तो दांडा त्यांच्या हातात होता. मी मागोमाग गेले — काही सांगायचं होतं म्हणून गेले की बघायला गेले, आता आठवत नाही. दारात थांबले. त्यांनी मारला तेव्हा तिने उजवा हात डोक्यावर धरला. तीन वेळा मारलं. दुसऱ्या वेळेला जो आवाज आला तो लाकूड मोडल्याचा असावा असं मला वाटलं. धान्याच्या कणगीला पाठ लावून खाली बसली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी दारात होते. चार पावलांवर. मी "अण्णा" एवढी हाकसुद्धा मारली नाही.

ते बाहेर पडले, मग मी आत गेले. तिचा हात मनगटाच्या वर वाकडा झाला होता. बांबूच्या कामट्या लावून, हळदीचा लेप देऊन मी माझं जुनं लुगडं फाडून बांधलं. जंगलातल्या बाया करतात तसं, जेवढं येत होतं तेवढं. ती घामाने भिजली होती. तिने मला मावचीत विचारलं, कुणी विचारलं तर तुम्ही सांगाल ना? मी म्हटलं, सांगेन.

काय सोपं होतं ते म्हणणं. कोण विचारणार होतं?

पण विचारणारा आला. आमच्याकडे साताऱ्याकडचे एक तरुण मास्तर होते. त्यांना मुलांची भाषा येत नव्हती, पण डोळे होते. त्याच महिन्यात ते नोकरी सोडून गावी गेले, आणि जाताना धुळ्याच्या कचेरीला निनावी पत्र टाकून गेले. तीन आठवड्यांनी एक साहेब चौकशीला आले. खांडबाऱ्याला गाडीतून उतरले, तिथून आमच्या शाळेच्या बैलगाडीने. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे, धूळ लागली तर टोपी झटकून परत नीट घालणारे. चहा दिला तर घेतला नाही. चौकशी होईपर्यंत इथलं काही घेणार नाही, म्हणाले.

अण्णांनी मला खोटं बोलायला सांगितलं नाही. हे मी स्पष्ट सांगते, कारण इतकी वर्षं मी मनात त्यांच्यावर ढकलत आले. त्यांनी धमकी दिली नाही, विनवणी केली नाही. "विमलताई, मुलीचं म्हणणं तुम्ही साहेबांना समजावून सांगा," एवढंच म्हणाले आणि स्वतः उठून लांब आंब्याखाली टकळी घेऊन बसले. जे झालं ते झालं, आता निकाल लागू दे, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. कदाचित त्यांना तेच हवं असेल — कुणी ठाऊक? मी विचारलं नाही.

वर्गात तिघंच होतो. साहेब खुर्चीवर, दिवली खाली पाटावर, हात गळ्यात बांधलेला, आणि मी दोघांच्या मधे. साहेबांनी तिला हळू आवाजात विचारलं, बाळ, हाताला काय झालं? घाबरू नकोस. मी ते मावचीत सांगितलं — बरोबर सांगितलं, शब्दाला शब्द. आणि दिवली बोलायला लागली.

तिला घाई नव्हती. तिने होळीपासून सांगितलं. मुली रडत होत्या म्हणून नेलं, सगळ्यांना परत आणलं. अण्णांनी घंटेच्या दांड्याने मारलं. पहिला खांद्यावर बसला. दुसऱ्याने हात मोडला. तिसरा मोडलेल्या हातावर मारला. आधी शाळेतल्या गोम्याच्या पाठीवर मारलं होतं तेव्हाही हाच दांडा होता, त्याची पाठ बघा. आणि मग तिने माझ्याकडे बोट केलं — डाव्या हाताने. बाई दारात होत्या. बाईंनी सगळं पाहिलं. बाईंना विचारा.

ती थांबली. साहेबांनी टाक शाईत बुडवून माझ्याकडे पाहिलं.

मी काय विचार केला? खरं सांगायचं तर मला विचार आठवत नाही. भावाचं घर आठवलं असेल, वहिनीची भाजीवरची नजर आठवली असेल. शाळा बंद पडेल, चाळीस मुलं परत रानात जातील, असं मोठं कारणही मी नंतर तयार केलं. त्या क्षणी एकच गोष्ट होती. तिने माझ्याकडे बोट केलं होतं, आणि साहेब आता विचारतील, तुम्ही दारात काय करत होता?

मी म्हटलं, "ती म्हणते, मी मोहाच्या झाडावर चढले होते. फांदी तुटली आणि मी पडले."

ही ती दोन वाक्यं.

साहेबांनी टाक टेकवला नाही. चष्म्यातून माझ्याकडे बघत राहिले. "एवढा वेळ बोलली ती," ते म्हणाले, "आणि एवढंच?"

आणि मी हसले. हो, हसले. "साहेब, यांच्या भाषेत असंच फार फिरवून सांगतात."

ज्या भाषेने मला लहानपणी सोबती दिले, जिच्यावर मी भाकर खात होते, तिच्याबद्दल मी हे बोलले. मग त्यांनी लिहून घेतलं. कागदावर टाक चालत असताना मी दिवलीकडे बघायचं टाळत होते, पण बघितलंच. तिला कळलं होतं. झाड, फांदी, पडले — हे शब्द मीच शिकवलेले. तिची नजर माझ्यावरून भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली आणि परत माझ्याकडे आली. राग नव्हता तिच्या डोळ्यांत. राग असता तर मी तोंड फिरवलं असतं. आपण काही चुकीचं ऐकलं का, असं ती बघत होती. माझी बाई चुकली असेल, आता दुरुस्त करेल, असं.

साहेबांनी जबाब पुढे केला. तिला सही येत होती, पण उजवा हात बांधलेला. मी तिला म्हटलं, अंगठा लाव. तिने डावा अंगठा शाईत बुडवला आणि मी दाखवलं तिथे लावला. बाई सांगतेय म्हणून.

साहेबांना सोडायला गाडी जुंपली. गाडीवान नथ्थू नंदुरबारकडचा, पण त्याचं निम्मं आयुष्य त्या पाड्यांत गेलेलं. चौकशी चालली होती तेव्हा तो खिडकीखाली बैलांना पेंढा टाकत होता. मी बाहेर आले तर तो जू बांधता बांधता खालच्या आवाजात म्हणाला, "पोर तं येगळंच सांगी ऱ्हायंती, बाई."

खांडबाऱ्यापर्यंत दोन तास तो साहेबांच्या शेजारी बसून गेला आणि त्यांना एक अक्षर बोलला नाही. त्याला वाटलं असेल, शिकलेली बाई बोलली, तिच्यापुढे आपण कोण?

आठ दिवसांनी दिवलीचा बाप आला, तिला आणि पाड्यावरच्या आणखी दोघींना न्यायला. येताना एक कोंबडी घेऊन आला होता. ती त्याने माझ्या हातात दिली — पोरीचा हात तुम्ही बांधला म्हणून. दिवली तिथेच उभी होती. तिने त्याला काय सांगितलं होतं, काय नव्हतं, मला आजतागायत माहीत नाही. मी कोंबडी घेतली. काय करायला हवं होतं? परत द्यायची म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं. जाताना दिवलीने मागे पाहिलं नाही. पाठमोरी होती तरी मला दिसत होतं, हात सरळ बसलेला नाही. माझंच बांधणं ते.

अण्णांचा दांडा थांबला का? थोडे दिवस थांबला. मग पुन्हा सुरू. आता मी भांडारघराच्या दिशेने जातच नसे.

वर्षं गेली. शाळेला पक्क्या भिंती झाल्या, संस्थेच्या आणखी शाळा निघाल्या, राज्य नवं झालं. अण्णा थकले, त्यांना मोठं पद देऊन शाळेबाहेर बसवलं. आणि तेच चष्म्याचे साहेब निवृत्त होऊन आमच्या संस्थेला सल्ला द्यायला आले. मला पाहून त्यांना आनंद झाला. म्हणाले, ती चौकशी मी विसरलो नाही. पत्र खोटं निघालं, पण मला तेव्हापासून वाटतंय, शाळेत पोराला मारलं, छळलं तर कुणी कुणाला कळवायचं याची वाटच नाही, म्हणून माणसं निनावी लिहितात. आपण आपल्या शाळांपुरते तरी लेखी नियम करू. सगळ्या शिक्षकांना बोलावून शिकवू. मसुदा तुम्ही करा विमलताई, तुम्हाला मुलं कळतात.

मी मसुदा केला. चांगला केला. लोक आजही म्हणतात, त्या काळात इतका बारकाईने विचार कुणी केला नव्हता. का नाही करणार? भोकं कुठे असतात ते मला माहीत होतं. हात उगारायचा नाही हे तर लिहिलंच. इजा झाली तर त्याच दिवशी वहीत नोंद. वही मारणाऱ्याच्या कपाटात राहायची नाही. आठ दिवसांच्या आत आईबापांना निरोप. ज्याने पाहिलं त्याने गप्प बसणं हाही दोषच धरावा, असंसुद्धा लिहिलं — माझ्या हाताने लिहिलं. साहेब वाचून म्हणाले, यात काही राहिलं का?

राहिलं होतं. एकच कलम. मुलाचं म्हणणं सांगायला माणूस बाहेरचा हवा, त्या शाळेच्या अन्नावर न जगणारा. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ते लिहिलं असतं तर साहेबांनी नक्की विचारलं असतं, हे तुम्हाला का सुचलं? चष्म्यातून तसंच बघितलं असतं. मी म्हटलं, नाही, सगळं आलंय. आणि मुलाला मराठी येत नसेल तर काय, तिथे मी लिहिलं होतं — शाळेतील जाणकार व्यक्तीने मुलाचे म्हणणे समजावून सांगावे.

शिक्षकांचं शिबिर खांडबाऱ्याला ठरलं. आदल्या दिवशी तिथला बाजार होता. मी सुतळी आणि खडू घ्यायला गेले, तर भाजीवाल्या बायांच्या रांगेत दिवली दिसली. नऊ-दहा वर्षं झाली असतील, तरी चेहऱ्याने नाही, हाताने ओळखलं. वाकड्या मनगटाने टोपली रेटत होती. पाठीला मूल बांधलेलं. शेजारी तिच्याच पाड्यावरची म्हातारी बसलेली.

मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि मावचीत विचारलं, दिवली, मला ओळखलंस?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हातारीकडे वळून तिने विचारलं, ही काय म्हणतेय?

म्हातारी गोंधळली. मी बोलले ते तर त्यांच्याच बोलीत होतं. तरी तिने माझे शब्द पुन्हा उच्चारले, जसेच्या तसे. दिवली म्हातारीलाच म्हणाली, "तिला सांग, घ्यायचं असेल तर घे, नाहीतर ऊठ. गिऱ्हाईक अडतंय." म्हातारीने तेही मला सांगितलं. मी वालाच्या शेंगा घेतल्या. तिने डाव्या हाताने मोजून दिल्या, एक मूठ वरही टाकली. इतर गिऱ्हाइकांना टाकत होती तशी.

आता तुम्ही म्हणाल, निदान त्यानंतर तरी? मीही तेच समजले होते. बाजारातून परतताना मी ठरवलं होतं, उद्या सगळ्यांसमोर ते कलम घालायचं. विचारलं कुणी तर सांगायचं. साहेबही असतील. सांगून टाकायचं.

शिबिराला तीसेक शिक्षक होते. मी एकेक नियम वाचून समजावला. माझा आवाज चांगला होता. दुभाष्याच्या वाक्यापाशी आले तसा मागच्या रांगेत एक तरुण मास्तर उभा राहिला. त्याच भागातला मावची मुलगा, नुकताच शिक्षक झालेला, कपडे नवे, बोलताना घाबरत होता. त्याने जपून, पुस्तकी मराठीत विचारलं, "बाई, मारणारा आणि सांगणारा एकाच शाळेतला असला, आणि सांगणाऱ्याने वेगळंच सांगितलं, तर ते कुणाला कळेल?"

साहेबांनी मान वर केली. म्हणाले, प्रश्न चांगला आहे. काय म्हणता विमलताई?

याहून सोपी वेळ कुणाला मिळते? दार त्या पोराने उघडून दिलं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

मी म्हटलं, "बाहेरच्या माणसाला मुलांचं काय कळणार? मुलं आपल्या माणसापाशीच खरं बोलतात. मी अनुभवाचं सांगते."

साहेबांनी मान डोलावली. तो तरुण मास्तर खाली बसला. मी म्हटलं, लिहून घ्या, आणि सगळ्यांनी वह्यांत लिहून घेतलं. त्यानेही. मी पुढचा नियम वाचायला घेतला.

ते नियम त्याच शब्दांत पुढे पुष्कळ वर्षं चालले. शिबिरं मीच घ्यायचे. ते वाक्य मीच वाचायचे. त्या वाक्याप्रमाणे किती पोरांचं म्हणणं कुणी कुणाला काय म्हणून सांगितलं असेल, ते मला ठाऊक नाही. नोंदींच्या वह्या शाळांत होत्या, पाहता आल्या असत्या. मी एकही उघडून पाहिली नाही.